कडबीहाळात चुकलेली हाक

चनबसप्पा हेळव्याला स्वतःचा चष्मा कुठं ठेवलाय ते सांगता यायचं नाही, पण तुमच्या खापरपणजीचं माहेर कुठलं हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. त्याची बायको यावर कायम वैतागलेली असे. मेलेल्या माणसांची एवढी याद ठेवणाऱ्याला जित्या माणसानं सांगितलेलं पावशेर जिरं कसं आठवत नाही, हा तिचा चाळीस वर्षांचा सवाल होता. तो मिशीतल्या मिशीत हसायचा आणि जिऱ्याऐवजी आणलेली बडीशेप तिच्या हातात ठेवायचा.

हेळवी म्हणजे घराण्यांची वेल सांगणारा माणूस. अक्कलकोटच्या खालच्या अंगाला, जिथं मराठीत सुरू झालेलं बोलणं कानडीत कधी शिरतं ते बोलणाऱ्यालाही कळत नाही, तिथल्या तीसेक गावांतली घरं चनबसप्पाच्या वाट्याला आली होती. तांबडं फुटायच्या वेळी दारात उभं राहायचं, घंटा वाजवायची आणि त्या घराच्या मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत नावं म्हणत यायचं. कोण कुठून आला, कुठल्या दुष्काळात कुणी गाव सोडलं, कोणाला किती लेक, सुना कुठल्या गावच्या. जित्या माणसाचं नाव आलं की त्यानं पुढं येऊन 'हाय', म्हणजे 'आहे', म्हणायचं, अशी रीत. मग घरात बसून, मागच्या खेपेनंतर कोण जन्मलं नि कोण गेलं ते चोपडीत लिहायचं, सुपभर ज्वारी घ्यायची आणि पुढचं दार धरायचं.

हल्ली कुणी म्हणतं, अहो, सगळं मोबाइलात असतं. असेल बापडं. पण तुमचा मोबाइल पहाटे दारात उभा राहून तुमच्या पणजोबाला हाक मारतो का, ते सांगा.

चनबसप्पा मनानं लोण्यासारखा मऊ होता, पण आपल्या आठवणीचा त्याला भारी ताठा. पन्नास वर्षांत एक नाव चुकलं नाही, हे तो न विचारता सांगायचा. चोपडी तो म्हणताना कधी उघडत नसे. ती लिहिण्यापुरती. एका मास्तरांनी एकदा त्याची परीक्षा घ्यायची म्हणून मधल्याच एका माणसाचं नाव विचारलं, तर त्यानं त्या माणसाचं नाव सांगितलंच, वर तो मास्तरांच्या आजोबांचा चुलत साडू लागतो, तेव्हा जरा अदबीनं विचारा, असंही सुनावलं.

त्याचा बाप सिद्धलिंगप्पा यानं त्याला एक नेम घालून दिला होता. गावात पाय ठेवला की सरळ कुणाच्या दारात जायचं नाही. आधी मारुतीच्या पारावर टेकायचं, पान खायचं, चार माणसं जमू द्यायची आणि विचारायचं, मागच्या खेपेनंतर गावातलं कोण कोण गेलं? ती नावं मनात नीट बसली की मग दार. बैल होता तोवर हा नेम आपोआप पाळला जायचा. बैलाच्या चालीनं गाव गाठायला दिवस मावळायचा, मुक्काम पारावरच पडायचा, आणि पारावर बसलेल्या हेळव्याला बातम्या सांगायला माणसं स्वतःच्या पायानं येतात. पण बैल म्हातारा होऊन गेला. त्यानंतर दोन वर्षं लॉकडाउननं खाल्ली आणि पुढची दोन-तीन चनबसप्पाच्या खुब्यानं. पाच वर्षांनी तो पुन्हा निघाला तेव्हा त्याच्या बुडाखाली जुनी मोपेड होती. बैलाची घंटा त्यानं हँडलला बांधली होती, त्यामुळं दुधाची गाडी आली असं समजून बायका भांडी घेऊन बाहेर यायच्या.

कडबीहाळ त्याच्या गावापासून मोपेडनं पाऊण तासावर. माघ सरत आला होता, रानात ज्वारी काढणीला आली होती, हवेत गारठा होता. पार मागं टाकून तो थेट श्रीमंत नावाच्या मेंढपाळाच्या घराकडं वळला. हे घर त्याच्या लाडाचं. गावाच्या कडेला, माळाला लागून, अंगणात मेंढरांचा काट्याचा वाडा. पाच वर्षांपूर्वी तो आला तेव्हा श्रीमंतच्या एकुलत्या लेकाचं, जोतिरामचं, नुकतं लग्न झालं होतं आणि चनबसप्पानं नव्या सुनेचं, रुपालीचं, नाव माहेरासकट चोपडीत चढवलं होतं. आता त्या जोडप्याला एखादं पोर झालं असणार, ते आज लिहायचं, असा सगळा आनंदाचा हिशेब डोक्यात. पार मागं राहिला हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बैल असता तर बैल तिथंच थांबला असता.

त्यानं घंटा वाजवली आणि खणखणीत आवाज लावला.

या घराचा मूळ पुरुष लक्काप्पा, त्याची गोष्ट गावाला पाठ होती, तरी ती दर खेपेला नवी लागायची. तीन भाऊ दुष्काळात मेंढरं हाकत भीमेच्या पल्याडून आले. इथल्या ओढ्याला एक मेंढी व्याली आणि तिला उठता येईना. थोरले दोघं म्हणाले, सोड तिला, कळप पुढं गेला. धाकटा लक्काप्पा म्हणाला, तुम्ही व्हा पुढं. तो तीन दिवस त्या मेंढीपाशी बसून राहिला. चौथ्या दिवशी मेंढी उठली, पिलू चालायला लागलं, पण भाऊ कुठल्या वाटेनं गेले ते काही कळलं नाही. त्यांची गाठ पुन्हा या जन्मात पडली नाही. ज्या जागी मेंढी बसली होती तिथंच लक्काप्पानं काटे रोवले, आणि ते कडबीहाळचं पहिलं घर. अजूनही त्या घरात व्यालेली मेंढी पहिले तीन दिवस चरायला सोडत नाहीत.

"लक्काप्पाचा प्रभु," चनबसप्पा म्हणत गेला. "प्रभुचा सिद्धराम, ज्यानं गावाला हीर पाडून दिली. सिद्धरामाचा श्रीमंत."

"हाय," वाड्याच्या अंगानं श्रीमंतचा आवाज आला. आवाज बारीक होता. थंडीनं असेल, असं चनबसप्पाला वाटलं.

"श्रीमंताचा एकुलता, आईच्या काळजाचा तुकडा, जोतिराम."

वाड्यात एक मेंढरू खाकरलं.

"जोतिराम," चनबसप्पानं आवाज चढवला. त्याला थट्टेची लहर आली. "आरं ऊठ की. हेळवी दारात आलाय नि तू अजून वाकळंत? लगीन होऊन पाच वर्सं झाली, अजून बायकू सोडंना व्हय?"

उंबऱ्यात राजाबाई येऊन उभी राहिली. जोतिरामची आई. दोन्ही हात पिठानं भरलेले. तिनं चनबसप्पाकडं पाहिलं आणि म्हणाली, "हाय."

"अक्का, तुमी न्हाय म्हनायचं. त्यानं म्हनाया पायजे," चनबसप्पा हसत म्हणाला.

तेवढ्यात तिच्या मागं कुणीतरी आतला दिवा लावला. समोरच्या भिंतीवर जोतिरामचा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार होता.

खुब्याचं दुखणं असलेला चनबसप्पा अंगणात मटकन बसला आणि डोक्याचा पटका काढून त्यानं मांडीवर घेतला.

श्रीमंतनं त्याला हाताला धरून ओसरीवर आणलं. "कावीळ झाल्ती," तो म्हणाला. "सोलापूरला नेलं, माघारी आणलं. पंधरा दिवस बी न्हाय काडलं." एवढंच बोलून तो पुन्हा वाड्याकडं गेला आणि जिथं काही करण्यासारखं नव्हतं तिथं काट्याची फांदी सारखी करत बसला.

"अक्का, माजी चूक झाली," चनबसप्पा म्हणाला. "मी पारावर टेकलो न्हाय. माज्या बानं सांगितल्यालं मी मोडलं. पायातलं काडून मारा मला."

राजाबाई त्याच्यासमोर खाली बसली. पीठ हाताला तसंच होतं. ती रडत नव्हती, उलट तिच्या तोंडावर काहीतरी उजळल्यासारखं झालं होतं.

"अण्णा, तसं म्हनू नगा," ती म्हणाली. "वर्स झालं, ह्या अंगणात त्याचं नाव कुनी मोट्यानं घेतलं न्हवतं. माज्याफुडं सगळी गप बसत्यात. हे तर निसतं खाली बगत्यात. त्याचे सोबती रस्त्यात दिसलं तर वाट बदलत्यात. आज तुमी हाक मारली. ऊठ म्हनलं. मला वाटलं, उटतोय बगा आता." तिनं श्वास घेतला. "तुमी लिवू नगा. चोपडीत तो हाय तसा ऱ्हाऊ द्या. दर वर्साला या नि अशीच हाक मारा. मी म्हनत जाईन, हाय."

चनबसप्पाला हे ऐकून खरं तर सुटल्यासारखं झालं. हेळव्याचा आणखी एक कायदा आहे: घरानं 'लिव्ह' म्हटल्याशिवाय चोपडीत काही चढत नाही. घर नको म्हणतंय तर त्याचा हात बांधलेलाच. आणि लिहायचं म्हटलं तर पुढं जे करावं लागलं असतं त्याची त्याला भीती वाटत होती. त्यानं कापडात गुंडाळलेली चोपडी तशीच पिशवीत सारली.

"अज्जा, न लिवता जाऊ नगा."

रुपाली चहा घेऊन आली होती. पंचवीस-सव्विशीची पोर, पदर घट्ट खोचलेला. तिच्यामागं साडीचा काठ धरून चार वर्षांची एक मुलगी उभी होती आणि मोपेडकडं टक लावून बघत होती.

"तू गप," राजाबाई म्हणाली.

"वर्सभर गपच हाय की, अत्ती," रुपाली सासूला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमाला ते असल्यागत वाटावं म्हून मी बी नाव काडलं न्हाय. पन ही पूनम. ती जलमली तवा अज्जा आलं न्हाईत. आता बी न लिवता गेलं तर फुडच्या खेपेला काय हुईल कुनाला ठावं. तिचा बा तर गेला. आनि तो कुनाचा बा हुता हे बी कुटं लिवल्यालं नसंल, तर तिनं कुटं जाऊन बगायचं?"

चनबसप्पानं चहाची बशी खाली ठेवली. आता बोलणं भाग होतं.

"पोरी, माजं ऐक," तो म्हणाला. "जोतिराम गेला असं लिवलं, की खाली लेकाचं नाव पायजे. लेक नसंल तर आमी आडवी रेघ वडतो. येल हितं थांबली म्हून. लेकीचं नाव ती जिथं दिली त्या घरच्या चोपडीत चढतंय, सून म्हून. रीत हाय."

रेघ म्हटल्याबरोबर राजाबाईचा चेहरा उतरला. तिच्या निपुत्रिक चुलतसासऱ्याच्या नावाखाली हीच रेघ ओढताना तिनं पाहिलं होतं. त्या रात्री त्याची म्हातारी जेवली नव्हती.

"रेघ न्हाय वडायची," ती म्हणाली. "माज्या लेकाखाली रेघ न्हाय."

"म्हून तर लिवू नगा म्हनताय की तुमी," रुपाली म्हणाली. "आनि मी म्हनतेय, ही मानूस न्हाय का? जाईल तवा जाईल दुसऱ्याच्या घरी. आज कुटं हाय ती? हितंच हाय की, तुमच्याफुडं उबी."

पूनमला आपल्यावर बोलणं चाललंय एवढं कळलं. ती आईच्या आणखी मागं सरकली.

चनबसप्पाकडं बापाचे नेम होते, आजाचे नेम होते, आणि आज एक नेम मोडून त्यानं काय करून ठेवलं ते समोर बसलं होतं. आणखी एक मोडायची त्याला छाती होईना. पण त्या पोरीकडं बघता बघता त्याला त्याची गंगव्वा आठवली. त्याची थोरली लेक. नऊ वर्षांची असताना बैलावर त्याच्यापुढं बसून हिंडायची आणि ऐकून ऐकून तिला बारा घरांच्या वेली तोंडपाठ झाल्या होत्या. एकदा तर एका दारात तो अडखळला तेव्हा तिनं हळूच नाव सांगितलं होतं. पन्नास वर्षांत एक नाव चुकलं नाही, ते असं. सिद्धलिंगप्पा म्हणाला होता, पोरीला येऊन काय उपेग? आणि चनबसप्पा बापाच्या सुरात सूर मिसळून हसला होता. पुढच्या खेपेपासून त्यानं तिला घरी ठेवलं. दोन्ही मुलगे सोलापुरात कामाला लागले, त्यांना आजोबांचं नाव सांगताना विचार करावा लागतो. गंगव्वा सासरी, इंडीला, संसार करते आणि अजून फोनवर त्याला विचारते, बाबा, लक्काप्पाची वेल म्हणून दाखव की. त्या दारात तिनं नाव पुरवल्याचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आता त्याला त्या हसण्याची मनापासून लाज वाटली.

"रेघ न्हाय वडत मी," तो म्हणाला. "जोतिरामाखाली पोरीचं नाव लिवतो. माज्या घरान्यात असं कुनी केलं न्हाय, पन मी करतो. निसतं घरानं 'लिव्ह' म्हनाया पायजे."

रुपालीनं सासूकडं पाहिलं. श्रीमंत काट्याची फांदी हातात घेऊन ओसरीपाशी आला होता. चनबसप्पानं त्याच्याकडं बघितलं तेव्हा त्यानं मान हलवली. "तिला इचारा," तो राजाबाईकडं बघत म्हणाला.

उन्हं अंगणात आली. मेंढरं सोडायची वेळ होऊन गेली होती आणि ती वाड्यात ओरडायला लागली होती. राजाबाई हातावरचं वाळलेलं पीठ चोळून काढत बसली.

"एकदा लिवलं की," तिनं विचारलं, "पुना त्याला हाक न्हाय मारायची व्हय?"

"असं कोन म्हनलं, अक्का?" चनबसप्पा म्हणाला. "लक्काप्पाला जाऊन किती पिढ्या झाल्या? आज मी तुमच्या दारात त्याला हाक मारली का न्हाय?"

"मारली."

"हेळवी गेल्याल्यांची नावं आधी घेतो. जित्यांची मागनं. मी असंस्तोवर ह्या अंगणात जोतिराम म्हनीन. माज्यामागं कोन म्हनंल ते मला ठावं न्हाय, खोटं कशाला बोलू. पन चोपडीत आसंल तर म्हननारा कोनतरी निगंल."

राजाबाईनं पूनमला दंडाला धरून पुढं ओढलं आणि मांडीवर बसवलं.

"लिव्हा," ती म्हणाली.

चनबसप्पानं चोपडी उघडली. चष्मा सापडेना, तो रुपालीनं त्याच्याच खिशातून काढून दिला. त्यानं जोतिराम गेल्याचा दिवस विचारला. राजाबाईनं तिथी सांगितली, वार सांगितला, दिवस उगवायच्या आधी, असंही सांगितलं. "आदल्या सांजंला आंबील मागितली हुती त्यानं. मी केली. दोन घोट पेला. हे बी लिव्हा." चोपडीत असलं काही लिहीत नसतात. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाची सून कुठली, एवढंच. चनबसप्पानं आंबील लिहिली, दोन घोट लिहिलं. श्रीमंत पाठ करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. वर्षात पहिल्यांदा तो बायकोसमोर रडत होता.

मग जोतिरामच्या नावाखाली, जिथं रेघ यायची तिथं, चनबसप्पानं मोठ्या अक्षरात पूनमचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर त्यानं नावाखाली चार बोटं लावून कागद मोजला, तिथं खूण केली आणि त्या खुणेच्या खाली गावातल्या पुढच्या घराचं नाव लिहायला पेन टेकवलं.

राजाबाईला वाचता येत नव्हतं. ती वाकून बघत होती. नातीच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर तिनं बोट ठेवलं.

"हितं काय लिवलंय?"

"काय न्हाय, अक्का. ती जागा मोकळी ठिवायची असती. हिच्या पोटी जी येत्याल त्यांच्यासाटी."

राजाबाईनं त्या कोऱ्या जागेवर आपली चार बोटं ठेवून पाहिली. मग चनबसप्पाचा हात धरून पेन खाली सरकवलं.

"आनि थोडी ठिवा की," ती म्हणाली.